वायव्य प्रांत म्हणजे नेमका कुठला मुलूख? पणजोबांच्या वहीतलं एक कोडं

सोनचाफा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

गणपतीत माहेरी राजापूरला गेले होते. घराचं छप्पर उतरवायचं ठरल्यामुळे माळा रिकामा करत होतो, तेव्हा एका पेटीत पणजोबांची मोडीतली वही मिळाली. पहिल्या पानावर शके १८१७ आहे, म्हणजे १८९५ साल. निम्मी वही देणीघेणी, याद्या आणि औषधांनी भरलेली आहे. शेवटच्या पानांवर मात्र कुळाची हकीकत आहे.

त्यात पणजोबांनी त्यांच्या आजोबांबद्दल लिहिलंय. ते दशग्रंथी होते, मुलाला घेऊन उत्तरेत गेले आणि 'मुक्काम अमुक, वायव्य प्रांत' येथे शके १७७३ मध्ये कैलासवासी झाले. गावाच्या नावावर पाणी पडून शाई फुटली आहे. माझ्या आजोबांना मोडी यायची. त्यांनी समासात पेन्सिलीने बाळबोधीत लिहून ठेवलंय, 'तिराह, वायव्य प्रांत'. पुढची ओळ स्वच्छ आहे : चिरंजीव शके १७८० मध्ये नागवले जाऊन परत आले.

तिराह हे खैबर खिंडीजवळचं खोरं. त्यामुळे आमच्याकडे तीन पिढ्या एकच गोष्ट चालत आलीय, की मूळपुरुष पेशावरच्या पलीकडे पठाणांच्या मुलखात वारले आणि मुलाला पठाणांनी लुटलं. आत्या ही गोष्ट सांगायची तेव्हा आम्हा भावंडांना घोड्यांच्या टापा ऐकू यायच्या.

पण कोकणातला वेदपाठी ब्राह्मण १८५१ साली खैबरजवळ कशासाठी जाईल? तिथे त्याला कोण विचारणार होतं? हा प्रांत तेव्हा होता का, त्याच्या हद्दी कुठवर होत्या? माहीतगारांनी सांगावं.

शेंदूरवाट

वायव्य सरहद्द प्रांत पंजाबातून वेगळा काढला गेला तो १९०१ मध्ये. वही १८९५ ची. म्हणजे पणजोबांनी लिहिलेला 'वायव्य प्रांत' तो नव्हेच.

नर्मदातीर

शेंदूरवाट यांच्याशी सहमत, पण गोष्ट त्याहून मजेची आहे. १८९५ मध्ये मराठी माणूस 'वायव्य प्रांत' म्हणाला की त्याच्या डोळ्यांपुढे आग्रा, अलाहाबाद, कानपूर, बनारस यायचं. हिंदीत त्यालाच पश्चिमोत्तर देश म्हणत. आजच्या उत्तर प्रदेशाचा हा पूर्वज.

त्याची जडणघडण थोडक्यात सांगतो. बनारसचा भाग कंपनीला अवधच्या नवाबाकडून १७७५ मध्ये मिळाला. १८०१ मध्ये लॉर्ड वेलस्लीने नवाब सआदत अली खानाकडून रोहिलखंड, गोरखपूर, अलाहाबाद, कानपूर, इटावा असा जवळजवळ अर्धा मुलूख फौजेच्या खर्चापोटी काढून घेतला. हे 'दिलेले प्रांत'. दोन वर्षांत शिंद्यांशी लढाई झाली आणि दिल्ली, आग्रा, अलीगढ व गंगा-यमुनेमधला वरचा दोआब मिळाला. हे 'जिंकलेले प्रांत'. इंग्रजी कागदांत ही जोडगोळी कित्येक वर्षं 'दिलेले आणि जिंकलेले प्रांत' अशीच येते. नेपाळशी झालेल्या युद्धानंतर कुमाऊं, गढवाल आणि डेहराडून आले.

एवढा पसारा कलकत्त्याहून सांभाळता येईना. १८३३ च्या चार्टर कायद्यात आग्र्याची चौथी प्रेसिडेन्सी करायचं ठरलं, मेटकाफ गव्हर्नर झाला, पण ती योजना दोन वर्षांतच गुंडाळली. १८३६ पासून लेफ्टनंट गव्हर्नरच्या हाताखाली 'वायव्य प्रांत', राजधानी आग्रा.

शके १७७३ म्हणजे १८५१. तेव्हा हा प्रांत ऐन भरात होता.

सोनचाफा

अरे देवा! म्हणजे तीन पिढ्यांचे पठाण गेले? आत्याला काय सांगू?

पण नर्मदातीर, बनारस-कानपूर भारताच्या वायव्येला कसं? नकाशावर ते मधोमध दिसतं.

नर्मदातीर

नकाशा कलकत्त्यात बसून बघायचा. हुगळीच्या काठावरून कानपूर वायव्येलाच आहे. १८३६ मध्ये त्यांच्या राज्याची त्या दिशेची हद्द सतलजच्या आसपास संपत होती, पलीकडे रणजितसिंहांचं राज्य. १८४९ मध्ये पंजाब खालसा झाला आणि हा प्रांत वायव्येला राहिलाच नाही, तरी नाव पुढे पन्नासहून जास्त वर्षं तसंच. १९०१ मध्ये पेशावरकडच्या भागाला ते नाव हवं झालं, तेव्हा १९०२ मध्ये याचं 'आग्रा व अवधचे संयुक्त प्रांत' झालं.

बोरूबहाद्दर

तिराह म्हणजे तिरहुत असेल का? मिथिलेकडचं. दरभंगा, मुजफ्फरपूर. तिथे वैदिक पंडितांना मान होता.

शेंदूरवाट

तिरहुत बिहारात. बिहार तेव्हा बंगालच्या कारभाराखाली होता, वायव्य प्रांतात कधीच नव्हता. पणजोबांनी प्रांत इतका नेमका लिहिलाय तर त्यावर विश्वास ठेवायला हवा.

संत्र्याचीबाग

अंजनगाव सुर्जी आमच्यापासून जवळ, अमरावती जिल्ह्यात. 'सुर्जी अंजनगावचा तह, ३० डिसेंबर १८०३' हे शाळेत पाठ केलं होतं. दोआब, दिल्ली, आग्रा, अहमदनगरचा किल्ला, भडोच एवढं सगळं दौलतराव शिंद्यांनी त्या तहात सोडलं. आमच्या विदर्भातल्या गावात झालेल्या सहीने उत्तरेत एक प्रांत उभा राहिला, हे मात्र आज या धाग्यावर कळलं. शाळेत तहाचं कलम शिकवतात, त्या मुलखाचं पुढे काय झालं ते शिकवत नाहीत.

रानफूल७२

एक पानिपतचं सांगते. १७६१ मुळे आपल्या प्रत्येकाच्या मनात कोरलेलं ते पानिपत वायव्य प्रांतात होतं! दिल्ली, पानिपत, रोहतक, हिसार, गुडगाव हा सगळा दिल्ली विभाग या प्रांताचा. सत्तावन्नच्या उठावानंतर, १८५८ मध्ये तो पंजाबला जोडला. अजमेरसुद्धा १८७१ पर्यंत याच प्रांताखाली. तेही १८१८ मध्ये शिंद्यांकडूनच गेलेलं.

मळेकरी

मला जरा वेगळं बोलायचंय. 'मराठ्यांकडून जिंकलेला मुलूख' म्हणताना आपला ऊर भरून येतो. पण दोआबात मराठ्यांचं राज्य म्हणजे काय होतं? महादजींनी द बॉयन या फ्रेंच भाषिक सरदाराला कवायती पलटणींच्या खर्चासाठी दोआबातले परगणे लावून दिले. अलीगढ हे त्याचं ठाणं, त्याच्यानंतर पेराँ. वसुली त्यांची, फौज त्यांची. तिथल्या शेतकऱ्याला पुणं कुठे आहे हेही माहीत नसेल. सप्टेंबर १८०३ मध्ये इंग्रज सेनापती जनरल लेकने अलीगढ घेतलं, आठवड्याभरात दिल्लीची लढाई जिंकली, ऑक्टोबरात आग्रा, १ नोव्हेंबरला लासवारी. दोन महिन्यांत सगळं संपलं. मुळं असती तर इतक्या लवकर उपटलं गेलं असतं का?

संत्र्याचीबाग

लासवारीला शिंद्यांच्या पायदळाने ज्या जिद्दीने तोंड दिलं त्याची तारीफ खुद्द लेकने केली आहे, हेही लिहा की. अधिकारी फितून गेले तरी शिपाई तोफांपाशी उभे राहिले.

मळेकरी

शिपायांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. ते बरेचसे त्याच मुलखातले, अवध-दोआबातले होते. माझा मुद्दा कारभाराचा आहे.

बेतवाकाठ

मळेकरी दादा, दोआबापुरतं तुमचं खरं मानते, पण बुंदेलखंडाला ते लागू नाही. मी झाशीची. आमचं घराणं तिथे सात-आठ पिढ्या आहे, घरी मराठी बोलतो, बाहेर बुंदेली.

छत्रसालांनी थोरल्या बाजीरावांना राज्याचा तिसरा हिस्सा दिला, तेव्हापासून मराठी माणसं तिथे घरं बांधून राहिली. गोविंदपंत खेरांना लोक गोविंदपंत बुंदेलेच म्हणायला लागले. सागर, जालौन, झाशी इथे कारकून, वैद्य, पुजारी, शिलेदार, सगळे आले आणि राहिले. १८०३ मध्ये वसईच्या तहाला जोडून पेशव्यांनी बुंदेलखंडातला भाग इंग्रजांना दिला, बांदा-हमीरपूर त्यातलं. जालौन १८४० मध्ये, झाशी १८५४ मध्ये खालसा झाली. मालक बदलले, माणसं तिथेच राहिली. मुळं नसती तर मी आज हे मराठीत लिहिलं नसतं.

मळेकरी

बेतवाकाठ ताई, मान्य. बुंदेलखंडाची गोष्ट वेगळी आहे, ती मी दोआबाच्या पारड्यात टाकायला नको होती.

गोंदणखुणा

सागरचं नाव निघालं म्हणून. आमचे पूर्वज जबलपूरचे. पेशवे आणि नागपूरकर भोसले यांच्याकडून १८१८ च्या सुमारास गेलेला 'सागर-नर्मदा मुलूख' सुद्धा मधली बरीच वर्षं वायव्य प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरखाली होता. १८६१ मध्ये तो नागपूरला जोडून मध्य प्रांत केला. म्हणजे एकदा आग्र्याकडे तोंड, एकदा नागपूरकडे. जुन्या खरेदीखतांवर कचेऱ्यांची नावं बदलत जातात, माणूस मात्र त्याच वाड्यात बसलेला असतो.

पाटकरी

कालव्यांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, नोकरीत असताना एका प्रशिक्षणासाठी रुरकीला गेलो होतो. तिथे सोलानी नदीवरून गंगेचा कालवा नेणारा जलसेतू आहे. १५ कमानींवरून अख्खा कालवा चाललाय आणि खालून नदी. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी कठड्यावर हात ठेवून बराच वेळ नुसता उभा होतो. काँक्रीट नाही, लोखंड नाही. वीट, चुना आणि सुरखी, म्हणजे विटांची पूड.

हा याच वायव्य प्रांताचा कालवा. १८३७-३८ च्या दुष्काळाने दोआब उजाड झाला, सुमारे ८ लाख माणसं गेली असा अंदाज सांगतात. लोक त्याला 'चौरानवे'चा काळ म्हणत, संवत १८९४ वरून. त्यानंतर प्रोबी कॉटली हा इंजिनिअर कालव्याच्या मागे लागला. काम १८४२ मध्ये सुरू झालं, पाणी सोडलं १८५४ च्या एप्रिलात. त्यासाठी माणसं तयार करायला १८४७ मध्ये रुरकीला कॉलेज काढलं, पुढे त्याला लेफ्टनंट गव्हर्नर थॉमसनचं नाव दिलं. आजची आयआयटी ती हीच. हरिद्वारच्या पंड्यांचा विरोध होता, गंगा बांधून टाकता म्हणून. तेव्हा बंधाऱ्यात वाहती फट ठेवली आणि कॉटलीने घाट दुरुस्त करून दिले. आमच्या खात्यातल्या माणसाला हा भाग फार शिकण्यासारखा वाटतो.

मळेकरी

पाटकरी काका, कालवा थोर आहे यात वाद नाही. पण दुष्काळात माणसं मेली ती नुसत्या पावसाअभावी नव्हे. सारा किती होता तेही बघा. गावचा सगळा महाल एकत्र जबाबदार धरायचा, ती महालवारी पद्धत. १८२२ च्या कायद्यात सरकारचा वाटा इतका चढा होता की गावं मोडली. १८३३ मध्ये बर्ड या महसूल अधिकाऱ्याने तो दोन तृतीयांशांवर आणला. त्यालाच सवलत म्हणत होते! आणि एक जण चुकला तर भार भाऊबंदांवर. लिलावात जमिनी सावकारांकडे गेल्या. सत्तावन्नमध्ये दोआबातल्या गावांनी पहिल्यांदा काय जाळलं? सावकाराच्या वह्या आणि तहशिलीचं दप्तर.

पाटकरी

हे मी नाकारत नाही. कालव्याखाली काही भागांत पाणी साचून जमिनीवर रेह, म्हणजे खार फुटला, हिवताप वाढला, हेही मी सेवेत असताना वाचलंय. पण ज्या वर्षी पाऊस येत नाही त्या वर्षी कालव्याखालच्या शेतात उभा गहू काय असतो ते ज्याने पाहिलंय त्याला विचारा.

रानफूल७२

वाचनखूण साठवली. दोघांनीही अजून लिहा.

दुर्गाघाट

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितेय. माझं सासर काशीचं. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा हा सगळा पट्टा मराठी घरांचा. मी लग्न होऊन गेले तेव्हा सासूबाई गल्लीत भाजीवाल्याशी बनारसी बोलायच्या आणि उंबरठा ओलांडला की शुद्ध मराठी.

सोनचाफा, तुमचे पूर्वज तिकडे का गेले याचं उत्तर पेशवाईच्या शेवटात आहे. १८१८ मध्ये दुसरे बाजीराव शरण आले, वर्षाला ८ लाखांचा तनखा घेऊन कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला राहिले. त्यांचे भाऊ चिमाजी अप्पा काशीला. त्यांच्या पदरी मोरोपंत तांबे, म्हणून लक्ष्मीबाईंचा जन्म काशीतला. थोरले दत्तक बंधू अमृतराव त्याआधीच तिकडे गेले होते. पुण्याचा रमणा, म्हणजे पेशव्यांचं दक्षिणावाटप, बंद झाला तशी वेदपाठी मंडळी तिकडे वळली. दक्षिणा देणारे यजमान जिथे, भिक्षुक तिथे.

आणखी एक, हे मी अभिमानाने सांगते. १८४५ मध्ये काशीत 'बनारस अखबार' निघालं, नागरी लिपीतलं त्या प्रांतातलं पहिलं वर्तमानपत्र म्हणतात ते. मालक राजा शिवप्रसाद, संपादक गोविंद रघुनाथ थत्ते. आपलेच! लिपी नागरी, भाषा मात्र उर्दूकडे झुकलेली, कारण कचेऱ्यांचं कामकाज फारसी लिपीत चाले. कोर्टात नागरी अर्ज चालतील असा हुकूम निघायला १९०० साल उजाडलं.

बोरूबहाद्दर

वरसईचे विष्णुभट गोडसे आठवले. तेही कोकणातलेच. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, असं ऐकून निघाले आणि सत्तावन्नच्या वावटळीत सापडले. मथुरासुद्धा वायव्य प्रांतातच की! तेव्हा सोनचाफा, तुमच्या घराण्याची वाट अगदी मळलेली होती. पायी, बैलगाडीने, तीन-चार महिन्यांची, पण मळलेली.

सोनचाफा

डोळ्यांत पाणी आलं वाचताना. शेजारच्या तालुक्याला निघाल्यासारखे हे लोक निघत असत.

मग आमचे मूळपुरुष बिठूरला होते का? बाजीराव १८५१ मध्येच वारले ना?

दुर्गाघाट

२८ जानेवारी १८५१. तेव्हा शके १७७२ चालू होतं. तुमच्या मूळपुरुषांचं साल १७७३, म्हणजे त्यानंतरचं. पण बिठूर असतं तर वहीत ब्रह्मावर्त लिहिलं असतं. मराठी कागदांत तेच नाव येतं.

पाकीटबंद

मी जुनी टपाल पाकिटं जमवतो. माझ्याकडच्या काही पाकिटांवर गावाखाली 'एन. डब्ल्यू. पी.' (नॉर्थ वेस्टर्न प्रॉव्हिन्सेस) असं आहे, एकावर 'एन. डब्ल्यू. पी. अँड औध'. १८७७ मध्ये अवधचा चीफ कमिशनर आणि इकडचा लेफ्टनंट गव्हर्नर ही दोन पदं एकाच माणसाकडे दिली, त्यानंतरचं ते. राजधानीही तोवर आग्र्याहून अलाहाबादला गेली होती. सत्तावन्नमध्ये लेफ्टनंट गव्हर्नर कॉल्विन आग्र्याच्या किल्ल्यात अडकला आणि तिथेच वारला. किल्ल्यात दिवाण-ए-आमसमोर त्याची कबर आहे. मी दोनदा ताजमहाल बघायला गेलो, किल्ल्यातून फिरलो, कबरीपाशी उभा राहिलो आणि हा कोण हे मला माहीत नव्हतं.

शेंदूरवाट

हायकोर्टही आधी आग्र्यालाच होतं, १८६६ मध्ये. तीन वर्षांनी अलाहाबादला हललं. पण मंडळी, मूळ प्रश्न राहतोय. गाव कुठलं?

बेतवाकाठ

मी दोन दिवस त्याच विचारात आहे. १८५१ मध्ये वायव्य प्रांतात वेदपाठी ब्राह्मणाला आश्रय देईल अशी मराठी ठिकाणं मोजून बघा. काशी, बिठूर, जालौन-काल्पी. झाशी तेव्हा अजून संस्थान होतं, त्यामुळे ती वजा. आणि राहिलं ते करवी! चित्रकूटजवळचं. तेव्हा बांदा जिल्ह्यात.

अमृतराव पेशव्यांनी १८०३ मध्ये इंग्रजांशी करार केला, ७ लाखांचा तनखा घेतला आणि राहायला जागा निवडली ती करवीला लागून असलेली. ते १८२४ मध्ये गेले. पुढे चिरंजीव विनायकराव तिथे १८५३ पर्यंत होते. पदरी बरीच मराठी माणसं, देवळं, गणेशबाग. आणि त्या जागेचं नाव माहितीये? आज तिला तरौंहा म्हणतात. इंग्रज कागदांत तरहवान, तिरोहान, तिरहवां असं काहीही लिहिलेलं सापडतं.

सोनचाफा, तिराह आणि तिरहवां!

नर्मदातीर

बेतवाकाठ, शाब्बास! आणि शके १७८० जुळवून बघा. ते १८५८ च्या मार्चमध्ये सुरू होतं. जून १८५८ मध्ये जनरल व्हिटलॉकची फौज करवीत शिरली. विनायकरावांचे वारस नारायणराव आणि माधवराव लढले नाहीत, शरण आले. तरी वाड्यातला सगळा खजिना, जडजवाहीर लूट म्हणून जप्त झालं. त्या लुटीत वाटा कुणाचा यावर इंग्रजांच्या फौजांत भांडण लागलं आणि बांदा-करवीच्या लुटीचा खटला इंग्लंडात १८६६ पर्यंत चालला. नारायणराव कैदेतच गेले.

'चिरंजीव शके १७८० मध्ये नागवले जाऊन परत आले.' हेच ते, असं छातीठोक म्हणता येणार नाही, त्या वर्षी त्या मुलखातून निघालेला प्रत्येक जण नागवला गेलेला होता. पण साल फार जवळचं आहे.

मळेकरी

अंगावर काटा आला. पठाण नव्हेत, कंपनीची फौज.

लेखणवळा

मी मोडी शिकवतो. एक शंका : बेतवाकाठ म्हणतात ते 'तिरहवां' असेल तर आजोबांनी 'वां' का सोडलं? त्यांना मोडी चांगली येत होती म्हणता.

याचं उत्तर मोडीतच असू शकतं. मोडीत आधी कागदभर रेघ ओढतात आणि शब्द तिच्याखाली सलग लिहीत जातात, दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, अनुस्वार बहुधा गाळलेला. तेव्हा 'तिरहवां वायव्य प्रांत' हे कागदावर 'तीरहवावायव्यप्रांत' असं दिसणार. दोन 'वा' लागोपाठ! शाई फुटलेली असताना वाचणारा समजेल की लिहिणाऱ्याच्या हातून 'वा' दोनदा पडला, आणि एक सोडून देईल. मग उरतं 'तीरह'. आजोबांच्या तरुणपणी वर्तमानपत्रांत तिराहचं नाव सारखं येत असणार, १८९७ ची मोहीम तिथलीच. ओळखीचं नाव डोळ्यांपुढे आलं.

ताई, भिंग घेऊन दोन 'वा' आहेत का बघा. एक असेल तर आपण सगळे चुकलो.

सोनचाफा

लेखणवळा सर, वही राजापूरलाच आहे. भावाला सांगते.

रानफूल७२

आज झोप लागणार नाही कुणाला.

सोनचाफा

मंडळी, भावाने पान उन्हात धरून, भिंग लावून फोटो पाठवले. मी ते मोठे करून तासभर बघितले, मग लेखणवळा सरांना व्यक्तिगत निरोपातून पाठवले.

दोन आहेत. पहिला 'वा' डागाच्या कडेला आहे, त्याचा काना तेवढा स्पष्ट. दुसरा 'वायव्य'चा. आजोबांची पेन्सिल पहिल्या 'वा'वरून बारीक आडवी गेलेली दिसतेय, खोडल्यासारखी.

लेखणवळा

फोटो पाहिले. माझ्याही वाचनात 'तीरहवा' असंच येतं. 'ह' थोडा संशयित आहे, बाकी अक्षरांबद्दल शंका नाही.

बेतवाकाठ

मी इकडे रडतेय आणि घरचे विचारतायत काय झालं.

सोनचाफा

आत्याला काल फोन केला. तिला ८७ वर्षं आहेत. सगळं सावकाश सांगितलं : करवी, अमृतराव, विनायकराव, ती फौज, दोन 'वा'. ती बराच वेळ गप्प होती. मला वाटलं पठाण गेले म्हणून वाईट वाटलं असेल. मग म्हणाली, "चित्रकूट म्हणजे मंदाकिनी. इतकी वर्षं आपण त्यांना परमुलखात एकटे समजत होतो गं. ते तर रामाच्या गावी होते."

आणि लगेच म्हणाली, तिथे जाऊन तिळांजली देऊन ये.

भाऊ आणि मी फेब्रुवारीत जायचं म्हणतोय. बेतवाकाठ, मुंबईहून कसं जायचं? तरौंह्याला त्या काळचं काही उरलंय का?

बेतवाकाठ

मुंबईहून प्रयागराजकडे जाणाऱ्या गाडीने माणिकपूरला उतरा. तिथून झाशीच्या फाट्यावर चित्रकूटधाम करवी स्टेशन. तरौंहा अगदी जवळ, रिक्षा मिळते. गणेशबाग चुकवू नका, विनायकरावांनी बांधलेलं देऊळ आहे, कोरीव काम डोळ्यांत मावत नाही, आणि शेजारी पायऱ्यांची विहीर. सकाळी लवकर जा, ऊन तिरपं असतं तेव्हा शिल्पं उठून दिसतात. तारीख ठरली की कळवा, मी झाशीहून येते. डबा माझ्याकडून.

पाटकरी

मंदाकिनीला फेब्रुवारीत पाणी बेताचंच असतं, रामघाटाला मात्र स्नान नीट होईल. फोटो इथे टाका. आणि वहीची बाकीची पानंही वाचून घ्या लेखणवळांकडून, औषधांची सुद्धा.